पारावरून : कोणत्या दारी जावे?



गेल्या महिन्यात एका लग्नाहून परतताना एस.टी.त माझ्या शेजारी एक मावशी बसल्या होत्या. वय साठीच्या पुढे. आपल्या तालुक्यातल्या नव्हेत, दूरच्या. मांडीवर कापडी पिशवी होती आणि ती त्यांनी दोन्ही हातांनी अशी घट्ट धरली होती, की मला वाटले आत दागिनाच असावा. दागिना नव्हता. आत होता मालकाच्या मृत्यूचा दाखला, सातबाराचा उतारा, आधार कार्डाची झेरॉक्स आणि तीन अर्जांच्या तीन प्रती. मालक जाऊन दोन वर्षे झालेली. साडेतीन एकर जमीन अजून त्यांच्याच नावावर. जमीन नावावर नाही म्हणून सोसायटी कर्ज देत नाही, आणि नुकसानीचे पैसे आले तर कोणाच्या खात्यात जमा करायचे हाही प्रश्नच.

"कुठे कुठे जाऊन आलात मावशी?" मी विचारले.

"पहिले पंचायत समितीत गेली बापा. थे म्हनले, हे आमचं काम नाही. मंग कोनी सांगतलं, मोठ्या साहेबाकडं जाय. जिल्ह्याच्या गावाले गेली. तिथं अर्ज घेतला अन् म्हनले, खाली पाठवतो. खाली म्हंजे कुठं, थे काही सांगतलं नाही."

"आणि तुमच्या गावचा तलाठी?"

"पटवारी? त्याच्याकडं तं गेलीच नाही. थो लहान मानूस. त्याच्या हाती काय असते?"

मंडळी, मावशीचे दोन वर्षांचे हेलपाटे या एका वाक्यात आले. काम होते सगळ्यात खालच्या पायरीवर, आणि मावशी गेल्या सगळ्यात वरच्या पायरीवर. यात त्यांची चूक ती काय? लहानपणापासून आपण हेच शिकलो, की साहेब जितका मोठा तितके काम लवकर. कोणते दार कोणत्या कामाचे, हे मात्र कोणी शिकवले नाही. शाळेच्या भूगोलात आपण नद्या पाठ केल्या, डोंगर पाठ केले. पण साझा, मंडळ, तालुका, जिल्हा हाही एक भूगोलच आहे आणि शेतकऱ्याच्या पोटाशी त्याचा संबंध डोंगरापेक्षा जवळचा आहे. म्हणून आज पारावर हाच विषय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करू. आपल्या गावातून वर जाणाऱ्या शिड्या दोन आहेत. एक महसुलाची आणि दुसरी पंचायतीची. दोन्ही एकाच गावातून निघतात, दोन्ही तालुक्याच्या गावी थांबतात, दोन्ही जिल्ह्याला पोहोचतात. म्हणून माणूस फसतो. तालुक्याच्या गावी तहसील कचेरी आणि पंचायत समिती पुष्कळदा हाकेच्या अंतरावर असतात. पण एका शिडीचे काम दुसऱ्या शिडीवर होत नाही.

महसुलाची शिडी अशी. गावात कोतवाल आणि तलाठी. तलाठ्याला आता सरकारी कागदावर ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आणि आपल्या वऱ्हाडातली जुनी माणसे अजून पटवारीच म्हणतात. त्याच्याकडे एक किंवा अनेक गावे असतात, त्याला साझा म्हणायचे. काही साझे मिळून एक महसूल मंडळ, त्याचा मंडळ अधिकारी. मंडळे मिळून तालुका, त्याचा तहसीलदार. त्यावर उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपले एसडीओ साहेब. त्यावर जिल्हाधिकारी आणि सगळ्यात वर विभागीय आयुक्त. आपले अमडापूर धरा. अमडापूर हे मंडळाचे गाव, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा, विभाग अमरावती. या विभागात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम असे पाच जिल्हे आहेत.

पंचायतीची शिडी त्याहून आखूड. गावात ग्रामपंचायत, तालुक्याला पंचायत समिती आणि तिथे गटविकास अधिकारी, जिल्ह्याला जिल्हा परिषद आणि तिथे मुख्य कार्यकारी अधिकारी. या शिडीच्या प्रत्येक पायरीवर लोकांनी निवडून दिलेली माणसे बसावीत, अशी योजना आहे.

या दोन शिड्या वेगळ्या का? त्यालाही कारण आहे. महाराष्ट्र झाल्यावर १९६० साली पंचायत राज्याचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते आपल्याच वऱ्हाडचे, पुसदकडचे वसंतराव नाईक, तेव्हाचे महसूलमंत्री. विकासाचे काम लोकांच्या प्रतिनिधींकडे जावे आणि कलेक्टर साहेबांना जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवावे, असे त्या समितीने सुचवले. त्यावर १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. तेव्हापासून जमीन आणि तिचा हक्क एका शिडीवर, तर शाळा, पाणी, घरकुल, गावरस्ता दुसऱ्या शिडीवर.

म्हणून वारसाची नोंद, फेरफार, पिकाची नोंद, नुकसानीचा पंचनामा, शेतात जायची पांदण कोणी अडवली तर त्याचा अर्ज, रेशन कार्ड, निराधाराचे अनुदान ही कामे महसुलाकडे. जन्ममृत्यूची नोंद, घराचा नमुना आठ, घरकुल, नळ, गावातली नाली ही पंचायतीकडे. मोजणी मात्र या दोन्हींकडे नाही. तिचे दार तिसरेच, भूमि अभिलेख कार्यालयाचे. धुऱ्यावरून भांडण झाले, की आपण पटवाऱ्याच्या मागे लागतो आणि तो बिचारा हात वर करतो, त्याचे कारण हे.

आता मावशीचे काम पाहू. जमिनीचा हक्क कोणाला वारसाने मिळाला, तर त्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावे, असे जमीन महसूल संहिता सांगते. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. नोंद नंतरही होते. तलाठी वारसांची नावे त्याच्या नोंदवहीत घेतो, फेरफार लिहितो, संबंधितांना नोटीस देतो आणि हरकतीसाठी पंधरा दिवस थांबतो. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी तो फेरफार मंजूर करतो आणि सातबारावर नाव चढते. म्हणजे वाद नसेल तर हे काम मंडळाच्या वर जातच नाही. तहसीलदार नको, कलेक्टर नको. निर्णय मान्य नसेल तरच साठ दिवसांच्या आत एसडीओ साहेबांकडे अपील. आणि एक लक्षात ठेवा. वारस म्हणजे फक्त मुलगे नव्हेत. आई, विधवा पत्नी, लग्न होऊन गेलेल्या मुली, सगळ्यांची नावे अर्जात हवीत. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा झाला आहे. नाव लपवले की आज काम लवकर होते आणि पुढे दहा वर्षे कोर्टात जातात.

हे सगळे मी परवा पारावर सांगत होतो, तर एका पोराने विचारले, "काका, ह्या हद्दी आखल्या कोणी? अन् खामगाव जिल्हा झाला तर आपलं काय?"

खामगाव जिल्हा व्हावा ही मागणी कित्येक वर्षांची आहे. आपले गाव चिखली आणि खामगाव यांना जोडणाऱ्या रस्त्यावर, त्यामुळे हा विषय निघाला की पारावर दोन तट पडतात. पण पोराच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यातच दुसऱ्याचे अर्धे उत्तर आहे.

देवाने आखलेली हद्द आपल्याकडे एकच, ती म्हणजे घाट. आपण म्हणतोच, घाटावरचा आणि घाटाखालचा. चिखली, मेहकर घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली. खाली पूर्णेची काळी सपाट जमीन, वर माळ आणि टेकड्या. घाटाखालचे पाणी पूर्णेतून तापीला आणि तिथून अरबी समुद्राला जाते. घाटावर पैनगंगेच्या खोऱ्यात पडलेला थेंब गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागराला पोहोचतो. एका जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो. ही हद्द कोणत्या सरकारने आखली नाही आणि कोणते सरकार ती पुसू शकत नाही.

बाकी सगळ्या रेघा माणसांनी मारल्या आणि माणसांनीच पुसल्या. मोगलांच्या वेळी वऱ्हाड हा सुभा होता. सुभ्यात सरकारे, सरकारात परगणे. 'सरकार' हे तेव्हा एका मुलखाचे नाव होते आणि आपले मेहकर अशा एका सरकारचे ठाणे होते. परगण्याला देशमुख आणि देशपांडे, गावाला पाटील आणि पटवारी. पुढे निजामाचा अंमल आला. इंग्रजांच्या फौजेचा खर्च थकला म्हणून निजामाने १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६४ साली अकोल्यातून आपला जिल्हा वेगळा काढला, तेव्हा त्याचे नाव नैऋत्य वऱ्हाड होते. मग काही काळ तो मेहकर जिल्हा म्हणून ओळखला गेला आणि त्यानंतर बुलढाणा. खामगाव आणि जळगाव जामोद हे तालुके तेव्हा आपल्याकडे नव्हतेच, ते अकोल्याचे. १९०५ साली वऱ्हाडचे जिल्हे पुन्हा मांडले, तेव्हा ते बुलढाण्यात आले. त्याच फेऱ्यात वाशीम जिल्हा मोडला आणि त्याचे तालुके अकोला व यवतमाळात वाटले गेले. तोच वाशीम १९९८ साली पुन्हा जिल्हा झाला. सासरी गेलेली लेक त्र्याण्णव वर्षांनी माहेरी परतावी तशी गोष्ट.

आणखी एक गंमत सांगतो. जुन्या बुलढाणा जिल्ह्यात तालुके पाचच होते : चिखली, मेहकर, मलकापूर, खामगाव आणि जळगाव. खुद्द बुलढाणा हे जिल्ह्याचे गाव चिखली तालुक्यात मोडत असे. आज जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. राज्य झाले तेव्हा महाराष्ट्रात २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत आणि तालुके ३५८.

आता अमडापुरात १९०० साली जन्मलेला एखादा शेतकरी डोळ्यांसमोर आणा, आणि तो साठ वर्षे जगला असे धरा. जन्मला तेव्हा मुलूख नावाला निजामाचा, कारभार इंग्रजांचा. १९०३ साली तो नागपूरच्या मध्य प्रांताला जोडला गेला. १९३६ पासून मध्य प्रांत व वऱ्हाड. १९५० साली मध्य प्रदेश. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्य. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र. गड्याने गाव सोडले नाही, बैल बदलले, औत बदलले, पण शेत तेच. आणि साठ वर्षांत तो सहा मुलखांचा रहिवासी झाला! त्याच्या शेताचा नंबर, त्याचा धुरा आणि त्याची विहीर मात्र जागच्या जागी राहिली. म्हणून मी नेहमी म्हणतो, वरचे नाव बदलते, खालचा कागद सांभाळा.

मग रेघ कुठेही असली तर बिघडले कुठे, असे कोणी म्हणेल. बिघडते, आणि ते पावसाळ्यात कळते.

महसूल मंडळ ही पूर्वी फक्त साहेबांच्या कामाची वाटणी होती. आज मंडळ म्हणजे शेतकऱ्याचे नशीब झाले आहे. पाऊस मोजतात मंडळावर. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस मंडळात नोंदला गेला, तर त्याला अतिवृष्टी म्हणतात आणि मदतीचा विचार त्यावरून सुरू होतो. पीकविम्यात सोयाबीन, तूर, कापूस यांसारख्या मोठ्या पिकांचे उत्पन्न मंडळावर धरतात. मंडळात ठरावीक ठिकाणी पीक कापणी प्रयोग होतात आणि त्यांची सरासरी सगळ्या मंडळाला लागू होते.

पाऊस काही मंडळ पाहून पडत नाही. मृगाचा एखादा ढग एका शिवारावर कोसळतो आणि शेजारचे शिवार कोरडे राहते. समजा, यंत्र मंडळाच्या एका टोकाला आहे आणि ढग फुटला दुसऱ्या टोकाला. शेत खरडून गेले, पण यंत्रात चाळीस मिलिमीटर. किंवा धुऱ्याच्या अलीकडे एक मंडळ, पलीकडे दुसरे. दोन्हीकडची सोयाबीन सारखीच सडली, पण एकाला मदत आणि दुसऱ्याला नाही. नकाशावरच्या रेघेची किंमत अशी मोजावी लागते. म्हणून अशा वेळी हात बांधून बसू नये. नुकसान दिसताच तलाठ्याला आणि कृषी खात्याच्या माणसाला लेखी कळवावे, गटनंबरासह फोटो काढून ठेवावेत, पंचनाम्याचा आग्रह धरावा. पीक कापणी प्रयोग आपल्या गावात कोणत्या गटात आणि कोणत्या दिवशी आहे, हे विचारावे आणि त्या दिवशी तिथे जाऊन उभे राहावे. धान्य मोजताना चार गावकरी हजर असले की मोजमाप नीट होते.

पैसेवारीचे मात्र वेगळे आहे. ती गावाची असते. आपल्याकडे ३० सप्टेंबरला नजरअंदाज, ३१ ऑक्टोबरला सुधारित आणि ३१ डिसेंबरला अंतिम पैसेवारी जाहीर होते. ती पन्नास पैशांच्या खाली की वर, यावर बरेच काही अवलंबून असते. म्हणून डिसेंबर उजाडायची वाट पाहू नये. सप्टेंबरचा आकडा चुकीचा वाटला तर तेव्हाच ग्रामसभेत बोलावे.

आता सातासमुद्रापलीकडची एक गोष्ट. माझा नातू कॉलेजात आहे. त्याने परवा विचारले, "आबा, तालुकाच नसला तर?" मी हसलो. तो म्हणाला, "हसू नका. व्हिएतनामने खरेच तालुका पुसून टाकला."

मग त्याने सांगितलेले आणि मी नंतर वाचून घेतलेले तुम्हाला सांगतो. व्हिएतनाम हा भातशेतीचा देश. नकाशात तो कावडीसारखा दिसतो, असे तिथले लोकच म्हणतात. मध्ये अरुंद पट्टी ही कावडीची काठी, आणि दोन टोकांना भाताच्या दोन टोपल्या : उत्तरेला तांबड्या नदीचे खोरे, दक्षिणेला मेकाँगचे. क्षेत्रफळ आपल्या महाराष्ट्रापेक्षा थोडेसे जास्त, लोकसंख्या दहा कोटींच्या आसपास. म्हणजे तुलना करायला बरे.

तिथेही आपल्यासारखीच शिडी होती. वर 'तिन्ह', म्हणजे आपला जिल्हा धरा. मध्ये 'हुयेन', म्हणजे तालुका. खाली 'सा', म्हणजे काही वाड्या मिळून झालेली ग्रामपंचायत. सरकारी शिडी 'सा'पाशी संपायची. त्याखालची वाडी, तिला तिकडे 'थोन' म्हणतात, ती लोकांची. राजाचा कायदा गावाच्या रिवाजापुढे हरतो, अशी त्यांच्याकडे जुनी म्हण आहे. आपल्या 'गाव करी ते राव न करी'ची मावसबहीणच.

आपल्यासारखाच त्यांनाही जोडण्याचा आणि तोडण्याचा नाद. १९७६ साली देश एक झाला तेव्हा जिल्हे जोडून ३८ केले. मग हळूहळू तोडत तोडत २००४ पर्यंत ६४ झाले. २००८ साली एक राजधानी हनोईत मिळवला, राहिले ६३. आणि १ जुलै २०२५ पासून त्यांनी मोठाच नांगर फिरवला. ६३ चे ३४ केले. तालुक्याच्या पायरीवरची ६९६ एकके एकदम रद्द. खालची १०,०३५ होती, ती जोडून ३,३२१ केली. शिडीची मधली पायरीच काढून टाकली. थाय बिन्ह हा भातासाठी नावाजलेला जिल्हा; तो शेजारच्या हुंग येनमध्ये गेला आणि त्याचे नाव नकाशावरून उठले.

तिथल्या शेतकऱ्याचे यात काय झाले? तिथे जमीन सगळ्या जनतेची आणि कारभार सरकारचा असे मानतात. शेतकऱ्याला वापराचा हक्क मिळतो आणि त्याचा दाखला असतो. त्या दाखल्याला लोक 'लाल पुस्तक' म्हणतात. आपला सातबारा तसे त्यांचे लाल पुस्तक. ते पूर्वी शेतकऱ्याला तालुक्याहून मिळे. तालुका गेल्यावर तो अधिकार खालच्या 'सा'च्या कचेरीत आणला. तालुक्यातले अधिकारी खाली पाठवले. जिल्ह्याचे नाव बदलले तरी जुनी कागदपत्रे चालतील, लगेच बदलून घ्यायची गरज नाही, असेही सरकारने सांगितले. ऐकायला गोड वाटते. साहेबाकडे जायचे नाही, साहेबच खाली आला.

पण शेतकऱ्याने दोन्ही बाजूंनी हिशेब करावा. साहेब खाली आला हे खरे. पण खालची कचेरीही वर सरकली, कारण सरासरी तीन पंचायतींची एक झाली. ज्याच्या वाडीजवळ जुनी कचेरी होती, त्याची ती कदाचित डोंगरापलीकडे गेली असेल. तालुका जवळ आला, पंचायत लांब गेली. यातले कोणाला सोयीचे पडले आणि कोणाला नाही, हे तिथला प्रत्येक शेतकरी आपल्या पायांनी मोजून ठरवील. कागदावर पायऱ्या कमी झाल्या म्हणून चाल कमी होतेच असे नाही.

आता पोराच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. खामगाव जिल्हा झाला तर आपले काय? मी म्हणतो, जिल्हा व्हायचा तेव्हा होवो, तट पाडून पारावर कडाक्याची भांडणे करू नका. त्यापेक्षा दोनच प्रश्न विचारा. पहिला : आपल्या नेहमीच्या कामांसाठी माणसाला किती वेळा घराबाहेर पडावे लागेल? दुसरा : निर्णय करणारा माणूस आपल्यापासून किती कोसांवर बसेल? नवा जिल्हा झाला, पाटी लागली, इमारत उभी राहिली आणि फेरफार तसाच पडून राहिला, तर त्या पाटीचा आपल्याला काय उपयोग? उलट जुन्याच तालुक्यात तलाठी ठरल्या दिवशी गावात बसला, मंडळ अधिकाऱ्याने महिन्यात फेरफार निकाली काढले, तर अर्धा जिल्हा गावातच आला म्हणायचा. व्हिएतनामने मधली पायरी काढली. आपण निदान खालची पायरी नीट बसवून घेऊ. मागणी करायचीच तर तिची करू.

त्यासाठी कायदाही आपल्या बाजूने आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात ठरवलेल्या सेवा ठरावीक दिवसांत मिळाल्या पाहिजेत. नाही मिळाल्या तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. पण अपील करायला पुरावा लागतो आणि तो पुरावा म्हणजे पोच. अर्ज दिला आणि पोच घेतली नाही, तर पेरणी केली आणि राखण केली नाही असे समजा.

माझ्या मायबहिणींना विशेष सांगणे आहे. घरातला पुरुष असेपर्यंत कागद कुठे आहेत हे पुष्कळ घरांत बाईला माहीत नसते, आणि तो गेल्यावर कागदांचे गाठोडे तिच्याच मांडीवर येते. म्हणून या रविवारी एवढे करा. दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा : गाव, साझा, महसूल मंडळ, तालुका, शेताचा गटनंबर, आठ-अ चा खातेनंबर, सातबारावर कोणाकोणाची नावे आहेत आणि बोजा किती आहे. त्याखाली लिहा, जमिनीचे काम तलाठ्याकडे, घराचे आणि गावाचे काम ग्रामपंचायतीकडे, मोजणीचे भूमि अभिलेखाकडे. घरातल्या सुनेला आणि शाळेत जाणाऱ्या पोरीला ते मोठ्याने वाचायला लावा. पाच मिनिटांचे काम आहे, पण अडल्या वेळी पाच हेलपाटे वाचतात.

हो, मावशीचे सांगायचे राहिले. त्यांचे गाव येईपर्यंत मी हे सगळे त्यांना सांगितले. सगळ्या वारसांची नावे लिहून अर्ज गावच्या तलाठ्याला द्या, दुसऱ्या प्रतीवर त्याची सही आणि तारीख घ्या, आणि पंधरा दिवस झाले की मंडळ अधिकाऱ्याकडे फेरफाराची चौकशी करा, असे दोनदा बजावले. मावशी उठल्या, पिशवी पोटाशी धरली आणि दारापर्यंत जाऊन वळल्या.

"म्हंजे बापू, पटवाऱ्याचं घर माह्या घरापासून चार घरं सोडून हाय, तिथंच जायाचं होतं?"

"हो मावशी."

त्या काही बोलल्या नाहीत. खाली उतरल्या. गाडी सुटली तेव्हा मी खिडकीतून मागे पाहिले, तर त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहून पिशवीतले कागद मोजत होत्या.

आपल्या गावात अशी एखादी मावशी, एखादे काका असतील, तर हा अंक त्यांना वाचून दाखवा. पुढच्या वेळी पांदणीच्या भांडणाविषयी बोलू. तोवर राम राम.